घर खचतंय? भेगा बुजवायच्या आधी पाणी बघा: नागपूरच्या काळ्या मातीतल्या घरांसाठी

उमरेड रोडकडच्या एका लेआउटमध्ये आमचं घर. लेआउट पडायच्या आधी तिथं तूर-कापूस व्हायचा. घर बांधल्यावर चौथ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली आणि तिरपी चढत स्लॅबपर्यंत गेली. मे संपता संपता तिच्यात पाच रुपयांचं नाणं कडेनं आत जायचं. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, आयुष्य साइटवर गेलेलं. तरीही सगळे करतात तेच केलं. सिमेंट-रेतीचा १:३ चा माल कालवून भेग गच्च भरली, वरून पुट्टी, रंग.

ऑगस्टमध्ये खिडकीची चौकट वाकली. पल्ला उघडेना आणि भिंतीच्या आतल्या बाजूचं प्लास्टर फुगून पडलं. आमच्या जुन्या मिस्त्रीनं बघितलं आणि म्हणाला, "मे महिन्यात भेग भरत नसते जी. जमीन उन्हाळ्यात तोंड उघडते, पावसाळ्यात मिटते. तुम्ही मिटायला जागाच ठेवली नाही."

त्यानंतर खचलेली बरीच घरं बघितली, काही दुरुस्तही केली. खाली सांगतोय ते मुख्यतः तळमजला किंवा तळमजला अधिक एक अशा, विटांच्या भिंतींवर उभ्या असलेल्या घरांसाठी आहे. कॉलम-बीमच्या घराचा एखादा कॉलम खचत असेल, तर शेवटी त्याबद्दल थोडं आहे. तिथे स्वतः हात घालू नका.

आपल्याकडचा गुन्हेगार कोण

नागपूर दख्खनच्या काळ्या दगडाच्या पूर्वेकडच्या काठावर वसलंय. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स हा काळा बेसाल्ट. कामठीकडे गेलात की खाली वालुकाश्म लागतो, ज्या थराला भूगर्भशास्त्रात कामठीचंच नाव आहे. त्यामुळे एका वस्तीत चार फुटांवर कडक मुरूम, तर दुसरीकडे बारा फूट खणलं तरी काळी मातीच. "शेजाऱ्यानं पाच फूट पायवा घेतला, त्याला काही झालं नाही" हा युक्तिवाद म्हणून नागपुरात चालत नाही.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसते. एप्रिल-मेमध्ये शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्याच मातीवर आपलं घर बसलेलं असतं. पारा ४५ च्या वर जातो, मग जूनच्या मध्यापासून पाऊस. हा ताण दरवर्षीचा. माती घराखाली सगळीकडे सारखी फुगली आणि सारखी आकसली असती, तर घर लिफ्टसारखं वर-खाली झालं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. भिंत फाटते, कारण एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा असतो.

म्हणून आधी पाणी, मग काँक्रीट. निम्म्याहून जास्त घरांत मला काँक्रीटची पाळीच आली नाही.

भेग वाचायला शिका

आधी एक फरक करा. भिंती ठीक आहेत, पण फरशी मध्ये बसली, स्कर्टिंग आणि फरशीत फट पडली, टाइल ठोकली की पोकळ आवाज येतो: अशा घराचा पायवा खचलेला नसतो. जोत्यातली भर नीट न चोपता टाकलेली असते, ती बसली. फरशी उखडा, मुरूम ६ इंचांच्या थरांत पाणी मारून चोपा, पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) टाका, संपलं. हे काम "पायवा दुरुस्ती" म्हणून चौपट पैशात करून देणारे ठेकेदार मी बघितलेत.

भिंत फाटली असेल तर भेगेची दिशा आणि रुंदी बघा. तिरपी भेग वर चढत ज्या बाजूला कलते, सहसा ती बाजू खाली गेलेली असते. वर रुंद आणि खाली बारीक म्हणजे टोक खचतंय. खाली रुंद आणि वर बारीक म्हणजे भिंतीचा मधला भाग खाली बसतोय. जिन्यासारखी विटांच्या सांध्यांतून जाणारी भेग त्याच कुटुंबातली. प्लास्टरवरचं कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक जाळं मात्र प्लास्टरचंच दुखणं, त्यासाठी झोप उडवून घेऊ नका. स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यावरची आडवी सरळ भेग बहुतेकदा उन्हानं स्लॅब ताणल्याची असते, पायव्याची नाही.

काळ्या मातीत एक फसवणूक असते. घराखालची मधली माती झाकलेली, म्हणून ओल धरून ठेवते. कडेची माती उन्हात वाळते. कोपरे खचल्यासारखे दिसतात, पण काही घरांत मधला भागच वर उचललेला असतो. अशा घराचा नुसता कोपरा पकडून खाली काँक्रीट भरलं तर पैसे मातीत.

आता नोंद. एका वहीत प्रत्येक भिंतीचं साधं चित्र काढा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ आणि तारीख. सगळ्यात रुंद जागी भेगेच्या दोन बाजूंना दोन बारीक स्क्रू ठोका आणि त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरनं (बारीक माप घेणाऱ्या सरकत्या पट्टीनं) मोजा. जमलं तर काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं अरल्डाइटनं चिकटवा, प्लास्टर खरवडून विटेवर. काच तडकली म्हणजे भिंत चालू आहे. मापं दर महिन्याला, पण दोन मापं चुकवायची नाहीत: मेअखेरचं आणि सप्टेंबरअखेरचं. भेग मेमध्ये ४ मिमी, सप्टेंबरमध्ये १, पुढच्या मेमध्ये परत ४, तर घर ऋतूबरोबर श्वास घेतंय, पाण्याचं बघितलं की पुरतं. तीच मापं ४, ३, ७, ६ अशी वाढत गेली तर खाली काहीतरी खरंच बसतंय.

एक वर्ष थांबायचं म्हटलं की लोक वैतागतात. पण भेग १५ मिमीच्या पुढे गेली असेल, भिंत ओळंब्यातून बाहेर झुकत असेल, लिंटेल (दारा-खिडकीवरचा आडवा बीम) किंवा स्लॅबचा टेकू सरकत असेल, तर वर्ष नाही, एक दिवसही थांबू नका. खालची खोली रिकामी करा, बल्ल्या लावा आणि इंजिनिअरला बोलवा.

पातळी काढायला लेव्हल पाईप पुरतो. पंधरा मीटरची पारदर्शक नळी पाण्यानं भरा, आत बुडबुडा नको. फरशीवरून माप घेऊ नका, तिला मोरीकडे उतार दिलेला असतो. बांधताना सरळ असलेली जोत्याची रेघ किंवा विटांचा एकच थर धरा. संदर्भाचा बिंदू घराबाहेर हवा आणि तो स्वतः न हलणारा. गेटचा खांब चालत नाही, तोही त्याच मातीत उभा. आवारात बोअर असेल तर त्याचा केसिंग पाईप खाली दगडापर्यंत गेलेला असतो, तो सगळ्यात भरवशाचा. मी त्यावरच करवतीनं खूण करून ठेवलीय. कोपऱ्या-कोपऱ्यात १०-१२ मिमीचा फरक बांधतानाच राहिलेला असू शकतो. त्यापुढचा फरक आणि भेगांची दिशा जुळली की रोग पकडला.

पाण्याचा माग

घराभोवती सावकाश एक फेरी मारा, मेमध्ये एक आणि जुलैमध्ये एक.

मेच्या फेरीत कुलर बघा. नागपुरात हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. खिडकीखाली स्टँडवर कुलर, त्याची टाकी भरताना रोज सांडणारं पाणी, खालच्या बोळकांडीत कायम चिखल. घराच्या तीन बाजूंची माती भाजून निघालेली आणि ह्या एका कोपऱ्याला अडीच महिने रोजचं पाणी. आमच्या स्वयंपाकघराची भेग ह्याच प्रतापाची होती: बेडरूमचा कुलर मागच्या बाजूला आणि स्वयंपाकघराचा कोपरा पश्चिमेच्या उन्हात. कुलरखाली ट्रे आणि ट्रेपासून गटारापर्यंत पाईप, एवढंच करायचं असतं.

मग जमिनीतली टाकी. रात्री पाण्याची रेघ खुणवा, नळ आणि पंप बंद ठेवा, सकाळी बघा. संडासच्या लाइनीत धुण्याची नीळ भरपूर ओतून दोन बादल्या सोडा. पुढे पायव्याजवळ खड्डा खणाल तेव्हा त्यात निळी झाक दिसली तर चेंबरचा सांधा फुटलाय. पिठाच्या डब्यामागचा, मोरीखालचा, दिसत नसलेला सांधा हाच बहुतेक वेळा चोर निघतो.

जुलैच्या फेरीत गच्चीचं पाणी कुठे पडतं ते भर पावसात छत्री घेऊन बघा. पन्हाळीचं तोंड भिंतीपासून दीड फुटावर थेट मातीत उघडत असेल, तर घराच्या एका कोपऱ्यात तुम्ही विहीर भरताय. प्रत्येक पाईप खाली चेंबरला जोडा.

त्यानंतर घराभोवती पट्टा. भिंतीपासून किमान ४ ते ५ फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार, दर मीटरला ३-४ सेंटीमीटर. वरची एक फूट काळी माती काढा, तिथे मुरूम टाकून चोपा, त्यावर जाड प्लास्टिक शीट, त्यावर ४ इंच पीसीसी. भिंत आणि पट्टा यांच्यातला सांधा डांबर किंवा सीलंटनं भरा, सिमेंटनं नाही. सिमेंट पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं आणि सगळं पाणी नेमकं त्या फटीतून पायव्याशी जातं. पट्ट्याला लागून गुलाबाचा वाफा करायचा मोह आवरा.

झाडं. पिंपळ, उंबर, सुबाभूळ, निलगिरी घराजवळ नको हे सगळ्यांना माहीत असतं. पण मोठं झाड एका दिवसात तोडणं हाही तितकाच घात. ते झाड वर्षानुवर्षं मातीतलं पाणी ओढत होतं. ते गेलं की माती पुढची काही वर्षं फुगत राहते आणि घर उलट्या दिशेनं फाटतं. तोडायचंच असेल तर दोन-तीन हंगामांत फांद्या कमी करत आणा. मनपाची परवानगी लागते, १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार. नाहीतर झाड आणि घर यांच्यामध्ये दीड-दोन मीटर खोल चर खणून त्यात काँक्रीटची पातळ भिंत घाला, मुळं अडतात.

हे सगळं करून एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. वही पुढे चालू ठेवा. आमच्या घरी ह्याच टप्प्यावर काम थांबलं.

खड्डा खणून पायवा बघणं

भेग वाढतच असेल तर पायव्यापर्यंत खणावंच लागतं. खचणाऱ्या कोपऱ्याजवळ एक आणि न खचणाऱ्या बाजूला एक, दोन्हीकडे. मीटरभर लांब-रुंद, पायव्याच्या तळाच्या थोडं खाली. खाली जाताना प्रत्येक फुटाला मातीचा रंग आणि ओल लिहा. पायवा किती खोल, किती रुंद, खाली काँक्रीट आहे की नुसते बोल्डर, आणि मुरूम कुठे लागतो, एवढं कळलं की निम्मं उत्तर मिळतं. काळ्या मातीत साडेतीन-चार फुटांवर थांबवलेला पायवा हीच नेहमीची गोष्ट. ऋतूचा खेळ साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोचतो.

तळाची माती पिशवीत घ्या. शासकीय तंत्रनिकेतन किंवा खाजगी प्रयोगशाळेत मुक्त फुगवण चाचणी होते. तत्त्व इतकं सोपं की घरी अंदाज घेता येतो. माती वाळवून कुटा, बारीक चाळणीनं चाळा, दोन सारख्या उभ्या ग्लासांत दोन-दोन सपाट चमचे. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. रॉकेलमधला थर २ सेंमी आणि पाण्यातला ३ सेंमी तर फुगवण ५० टक्के. ४ सेंमी तर १०० टक्के. पन्नासच्या पुढे सावध, शंभरच्या पुढे कुठल्याही ठेकेदाराच्या शब्दावर काम सुरू करू नका. पाया तज्ज्ञ असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो.

ग्राउटिंगवाल्याचं काय

"भोकं पाडून सिमेंटचं पाणी सोडतो, दोन दिवसांत घर पक्कं." हे ऐकाल. सिमेंटचा कण चिकणमातीत शिरतच नाही, तिची छिद्रं त्याच्यापेक्षा बारीक असतात. पायव्याखाली खरोखर पोकळी झाली असेल, बोल्डरच्या भरावात फटी असतील, तर ग्राउटिंग उपयोगी. काळ्या मातीला ते बळ देत नाही.

पायव्याखाली पायवा

मुरूम अडीच-तीन मीटरच्या आत लागत असेल तर जुन्या पायव्याखाली तुकड्यातुकड्यानं खणून काँक्रीटनं भरायचं. आराखडा इंजिनिअरचाच हवा. पण साइटवर काय बघायचं ते तुम्हाला माहीत पाहिजे, कारण घोळ तिथेच होतात.

काळ: दिवाळी उरकून सुरुवात, होळीपर्यंत माती भरून मोकळं. पावसाळ्यात खड्ड्याच्या भिंती कोसळतात. भर मेमध्ये सगळं आकसलेलं असतं, तेव्हा घट्ट बसवलेलं काँक्रीट ऑगस्टमध्ये वरची भिंत ढकलतं. शेजाऱ्याची भिंत लागून असेल तर त्याला आधी लेखी कळवा आणि त्याच्या भिंतीचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

टेकू आधी, कुदळ नंतर. स्लॅबखाली बल्ल्या, भिंतीला बाहेरून तिरपे टेकू, सगळं पाचरींनी घट्ट.

मग भिंतीचे मीटर ते सव्वा मीटरचे भाग पाडून भिंतीवरच चुन्यानं आकडे लिहा: १, ४, २, ५, ३, पुन्हा १, ४, २, ५, ३. आधी फक्त सगळे १ नंबरचे खड्डे. ते भरून पक्के झाल्यावर २ नंबरचे. शेजारी-शेजारी दोन खड्डे एकाच वेळी उघडे ठेवायचे नाहीत, एका वेळी भिंतीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त लांबी अधांतरी नको. मिस्त्रीला घाई असते, माणसं बसून राहतात म्हणून तो "सोबतच घेऊन टाकू" म्हणेल. इथे तुम्ही हट्टी व्हा.

चार फुटांच्या खाली गेलात की खड्ड्याच्या बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू. काळी माती सकाळी भिंतीसारखी उभी असते आणि दुपारी वाळून अख्खा ढलपा सुटतो. खड्ड्यात माणूस असताना वर दुसरा माणूस हवाच.

मुरमात निदान फूटभर खाली उतरा. जुन्या पायव्याचा तळ सब्बल आणि तारेच्या ब्रशनं साफ करा, चिकटलेली माती राहिली तर सगळं व्यर्थ. एम२० (मजबुतीचा दर्जा) काँक्रीट, जुन्या तळाच्या खाली तीन इंच जागा सोडून. सव्वा मीटर लांब, ९० सेंमी रुंद, दीड मीटर उंच भरायचं असेल तर साधारण पावणेदोन घनमीटर, म्हणजे हातानं कालवलेल्या मालात एका खड्ड्याला सिमेंटच्या तेरा-चौदा गोण्या. ठेकेदार आठ गोण्यांत खड्डा भरून दाखवत असेल तर खड्डा लहान आहे किंवा माल हलका आहे.

ती सोडलेली तीन इंचाची जागा हा सगळ्या कामाचा जीव. काँक्रीट आळताना किंचित आकसतं, म्हणून एकदम वरपर्यंत भरलं तर फट राहते आणि भिंतीचा भार खाली उतरतच नाही. किमान दोन दिवसांनी त्या जागेत सिमेंट-रेतीचा १:३ चा जेमतेम ओला माल, मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण हात ओला होऊ नये इतपत, लाकडी ठोकळ्यानं आणि हातोडीनं ठासून भरायचा. आतल्या टोकापासून बाहेर. मी इथे स्वतः खड्ड्यात उतरून बसतो. टार्च मारून बघा, ठोकल्याचा आवाज बदलत जातो, शेवटी दगडावर ठोकल्यासारखा येतो. तो आवाज आल्याशिवाय पुढचा नंबर उघडायचा नाही.

खड्डा परत भरताना खणून काढलेली काळी माती वापरू नका, ती उचलून न्या. मुरूम, थराथरानं चोपून. नुसती रेती भरलीत तर घराभोवती पाणी साठवायची नालीच तयार होते.

मुरूम फार खोल असेल तर भिंतीच्या आत-बाहेर फुग्याचे पाइल (तळाशी फुग्यासारखे रुंद केलेले, जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) घालून, भिंतीतून आडवा बीम ओवून भार त्यांच्यावर घेतात. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी रुजवली. खोली साडेतीन मीटरपेक्षा कमी नको, फुगा दांड्याच्या साधारण अडीचपट. माती वर ढकलते तेव्हा तो फुगा पाइलला खाली धरून ठेवतो. बीमच्या खाली तीन इंच मोकळी जागा सोडली आहे ना बघा. ती विसरली की फुगणारी माती बीमलाच उचलते.

कॉलमचं घर असेल तर कॉलमचा अख्खा भार आधी स्टीलच्या टेकूंवर घ्यावा लागतो, त्याचं गणित वेगळं. तिथे खणायला सुरुवात केलेला मिस्त्री दिसला तर काम थांबवा.

भेग बुजवायची वेळ

पायव्याचं काम झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत, भेग ना पूर्ण उघडी ना पूर्ण मिटलेली असताना, ती दोन्ही बाजूंनी प्लास्टर काढून साफ करा. रुंद भेगेला दर चौथ्या-पाचव्या थरात विटांच्या सांध्यात ८ मिमीची गंज न धरणारी सळई, भेगेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट. भरायला १:६ चा माल, त्यात थोडा चुना. कडक माल विटेला फोडतो, नरम माल स्वतः तुटतो, आणि इथे मालच तुटलेला परवडतो. वर कोंबडी-जाळी, मग प्लास्टर. खिडकीच्या कोपऱ्यातली बारीक भेग मी लवचिक सीलंटनंच भरली, दोन वर्षं झाली. काचेची पट्टी अजून भिंतीवर आहे, बायको तिच्यावर कॅलेंडर टांगू देत नाही.